शिवाजी पेठेतलं जुनं घर: माडीवर बाथरूम काढू की न काढू?

पेठकर | ९ मार्च, रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं घर. पणजोबांनी बांधलेलं, म्हणजे शंभरी गाठलेलं. पुढं सोपा, मग माजघर, उजव्या अंगाला स्वयंपाकघर, मागं परस. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फुटी भिंती. माडीला सागवानी तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर माती. वर मंगलोरी कौलं. न्हाणी परसाच्या कडेला, साडेचार बाय सहाची, दगडी मोरी आणि कोपऱ्यात बंबाचा कट्टा. संडास तिथून आणखी आठ पावलं. पावसाळ्यात छत्री घेऊन जायचं, हे आम्हाला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं.

जानेवारीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आई लग्न झाल्यापासून माडीवर झोपते. आता रात्री उठायचं म्हणजे बारा पायऱ्या, माजघर, परस आणि परत. त्या पायऱ्या तुम्हाला माहीत असतील, पाय आडवा ठेवून उतरायच्या, धरायला दोर.

एका कॉन्ट्रॅक्टरनं येऊन माडीवरच पाच बाय सातचं अटॅच्ड बाथरूम सुचवलं. टाइल्स, कमोड, शॉवर, "हॉटेलसारखं करून देतो." अंदाज दोन लाख चाळीस हजार. माझा कल तिकडंच आहे. बायको म्हणते थांब, कुणाला तरी विचार. आई म्हणते, "मी अजून चालतो की. कशाला खर्च काढायलाईस?"

जुन्या घरात असं काम कुणी केलंय का? काय बघायचं?

---

तांबडापांढरा | ९ मार्च, रात्री ११:०२

चहा संपला, प्रश्न संपला न्हाई. दुसरा कप मागवलाय. जाणकार येऊदेत.

---

रेषा_मारू | १० मार्च, सकाळी ७:१५

माडीवर नको. का नको ते आकड्यांत मांडतो.

पाच बाय सात म्हणजे ३५ चौरस फूट. खाली विटांच्या तुकड्यांचा सहा इंची कोबा घातला तर साडेसतरा घनफूट माल. घनफुटाला पन्नास-पंचावन्न किलो धरा, नऊशेच्या वर गेला. त्यावर माल घालून फरशी, आणखी तीनशे. दोन बाजूंना नव्या चार इंची विटांच्या भिंती, बारा फूट लांब आणि आठ फूट उंच, गिलाव्यासकट दोन टन. म्हणजे अजून बादलीत पाणी भरलं नाही तोवर तीन टन झाले. शेजारी पाचशे लिटरची टाकी ठेवली की वर अर्धा टन. हे सगळं ज्या तुळयांवर येणार, त्या माणसं झोपायला आणि फार तर चार पोती ठेवायला म्हणून घातलेल्या आहेत.

वजनाचं एकवेळ निभावता येईल. लोखंडी गर्डर घाला, विटांऐवजी सिमेंट बोर्डाच्या भिंती करा, फायबरचा ट्रे बसवा, हलकं काम होतं. खरी भीती पाण्याची आहे. तुळईचं टोक मातीच्या भिंतीत फूटभर आत बसलेलं असतं. तिथं एक बारीक गळती लागली तर ते आतल्या आत कुजतं. बाहेरून रंग दिलेली तुळई ठणठणीत दिसते.

कॉन्ट्रॅक्टरनं तुळया ठोकून तरी बघितल्या का?

---

पेठकर | १० मार्च, सकाळी ९:३०

नाही. त्यानं फक्त टेप लावला आणि मोबाइलवर फोटो दाखवले.

---

कोबा_मास्तर | १० मार्च, रात्री ९:१०

आमची तिसरी पिढी गवंडीकामात. रेषासाहेब बरोबर बोलल्यात. एक सांगतो. मंगळवार पेठेत एका घरात माडीवर असंच न्हाणीघर काढलंतं, मी न्हवं, दुसऱ्यानं. आठ-नऊ वर्सं चाललं. मग खालच्या खोलीत छताला चहाच्या रंगाचा डाग आला. मला बोलावलं. तुळईच्या टोकाला पेचकस लावला तर मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात सुरी जावी तसा. त्या खोलीत पाळणा टांगलेला होता. त्याच दिवशी खालनं टेकू दिले.

भावा, उलटं विचार कर. बाथरूम आईकडं न्यायच्या जागी आईला बाथरूमकडं आण. खाली माजघराला लागून काय हाय? जुन्या घरात कोठीची खोली असतीया बघ, धान्याची. ती न्हाणीच्या भिंतीला लागून असली तर काम सोपं. मोरीचं पाणी जिकडं जातंय तिकडंच नवीन पाइप जाईल. घरानं पाण्याची वाट ठरवलेली असती, आपण ती मोडायला गेलो की पैसं जात्यात.

---

पेठकर | १० मार्च, रात्री १०:२५

मास्तर, तुम्ही आमचं घर बघितलंय काय? कोठी आहे. माजघर आणि परस यांच्या मध्ये, सहा बाय नऊ. एक भिंत न्हाणीला सामाईक. सध्या त्यात मोडकी सायकल, गणपतीचं मखर आणि तांब्याचा बंब.

अडचण वेगळीच. आईला माजघरात झोप म्हटलं तर नको म्हणते. माडीवरच्या खिडकीतून रस्ता दिसतो. दूधवाला कधी आला, कुणाच्या दारात कुणाची गाडी थांबली, सगळं तिथून कळतं. "माजघरात काय, भिंत बघत बसू?" हे तिचं म्हणणं.

---

सोनटक्का | ११ मार्च, दुपारी १:५०

मी मूळची राजारामपुरीतली, आता पुण्यात. सासूबाईंसाठी दोन वर्षांपूर्वी हेच केलं, म्हणून लिहिते.

आधी आईचं ऐका. माजघर नको म्हणत असतील तर सोप्यात पलंग टाका. सोप्याला रस्त्याची खिडकी असतेच. रात्री माजघर ओलांडून कोठीत जायचं, एवढंच राहतं.

आता बारकावे. हे आम्ही चुकून शिकलो. दार बाहेर उघडणारं हवं. आत माणूस पडलं आणि दार आत उघडणारं असलं तर तेच माणूस दाराला आडवं येतं. कडी अशी घ्या की बाहेरून नाणं घालून फिरवता येईल. दाराची रुंदी निदान अडीच फूट, वॉकर जाईल इतकी. गुडघेवाल्यांना कमोडची उंची बघा; बसून बघितल्याशिवाय घेऊ नका, दुकानात बसायला लाजू नका. आम्ही सासूबाईंनाच दुकानात नेलं होतं. त्यांनी चार कमोडवर बसून पाचवा निवडला आणि दुकानदाराला "हा बसका आहे, नको" असं कारणही दिलं.

आणि धरायचे दांडे. मातीच्या भिंतीत स्क्रू अजिबात धरत नाही. आमच्या मिस्त्रीनं स्क्रूसाठी प्लॅस्टिकचं फिशर ठोकून दांडा बसवला, दिसायला झकास. तिसऱ्या दिवशी सासूबाई उठताना तो हातात आला, मागून मूठभर माती सांडली. नशीब, दुसरा हात माझ्या खांद्यावर होता. नंतर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावली तेव्हा पक्का झाला. जमिनीत रोवलेला दांडाही चालतो.

फरशी चकचकीत नको. मोरबीच्या टाइल्सचे शंभर प्रकार दाखवतात. दुकानात नमुन्यावर पाणी ओता आणि अनवाणी पाय फिरवून बघा.

---

फ्यूज_उडाला | ११ मार्च, रात्री ८:३०

टाइल्सवर सगळे बोलतात, वायरवर कुणी नाही. म्हणून आलो.

जुन्या घरात लाकडी पट्टीवरचं वायरिंग असतं, बऱ्याचदा अर्थिंगच नसतं. त्यावर दोन हजार वॅटचा गिझर लावला की आधी वायर तापते, मग बोर्ड. गिझरला मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की पडणारं बटण) आणि ३० मिलीअँपची आरसीसीबी. ही शेवटची वस्तू दीड-दोन हजारांची. लोक शॉवरवर सहा हजार घालतात आणि इथं घासाघीस करतात. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जायला लागली की क्षणात लाइन तोडते ती हीच. साधा एमसीबी माणसासाठी नाही, वायरसाठी असतो.

आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत लावू नका. कोठीला खिडकी नसणार. बंद खोलीत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गरगरतं, बसावंसं वाटतं आणि तो बसतो. लावायचाच असेल तर परसात उघड्यावर, आत फक्त गरम पाण्याचा पाइप.

---

तांबडापांढरा | ११ मार्च, रात्री ८:४१

आमचा बंब बरा की मग. धूर तरी दिसायचा.

---

फ्यूज_उडाला | ११ मार्च, रात्री ८:५५

थट्टा नाही. बंबसुद्धा बंद न्हाणीत पेटवला तर तोच प्रकार. जुन्या न्हाणीला कौलाखाली हातभर फट असायची म्हणून माणसं वाचली.

---

पेठकर | १४ मार्च, रात्री ११:००

सोप्यावर आई राजी झाली. "पलंग खिडकीला लावायचा, टीव्ही न्हाई आणायचा" अशा अटींवर. कोठीचं बाथरूम करायचं ठरलं.

आता भिंतींचा प्रश्न. एका टाइल्सवाल्यानं सांगितलं, मातीच्या भिंतीला जाळी मारून सिमेंटचा गिलावा करा, वर टाइल चिकटवा, काही होत नाही. खरं का?

---

कोबा_मास्तर | १५ मार्च, सकाळी ६:४०

काही होत न्हाई, पहिली दोन वर्सं. मग लोणा लागतोय. मातीची भिंत खालनं ओल ओढती आणि अंगातनं सोडती. सिमेंट लावलं की तिचं तोंड दाबलं. ओल वर वर चढत जाती आणि टाइल संपल्या तिथं फुगून भाहेर येती. आत मातीचा भेंडा मऊ पडतोय. मी टाइल काढल्या तेव्हा मागं चिखल निघालेला बघितलाय.

चुन्याचा गिलावा करा. आमचे आजे गूळपाणी आन हिरडा घालून चुना घोटायचे. चुना श्वास घेतोय.

---

रेषा_मारू | १५ मार्च, सकाळी १०:२०

मास्तरांचं निदान मान्य, औषध अर्धंच मान्य. बाकी घराला चुना उत्तम. पण रोज अंघोळीचं पाणी थेट आदळणार त्या भिंतीला नुसता चुना पुरत नाही, आणि चुना नीट घोटणारी माणसं आता किती मिळतात?

माझं मत असं. मातीच्या भिंतीला हात लावू नका. तिच्यापासून दोन इंच सोडून भाजक्या विटांची चार इंची भिंत उभी करा, सात फुटांपर्यंत. मधली फट वर मोकळी, खाली दोन-तीन ठिकाणी जाळीचे झरोके. वॉटरप्रूफिंग आणि टाइल त्या नव्या भिंतीला. बाथरूमचं पाणी नव्या भिंतीला, जुनी भिंत कोरडी. दांडेही विटेत नीट बसतील. खोली लहान होईल तेवढी होईल.

---

कोबा_मास्तर | १५ मार्च, दुपारी १२:०५

दोन इंचाच्या फटीत झुरळं संसार मांडत्यात.

---

रेषा_मारू | १५ मार्च, दुपारी १२:१८

म्हणून जाळी म्हटलं.

---

कोबा_मास्तर | १५ मार्च, दुपारी १२:३०

बारीक जाळी, आन स्टीलची. पलाष्टिकची घूस कुरतडती. बाकी साहेबांचं पटलं. कर भावा तसंच.

---

दुधाळी_काठ | १५ मार्च, रात्री ९:४५

पेठकर, तुमच्याकडं पुराचं पाणी येत नसेल, खरं हा धागा नदीकाठचेही वाचत असतील म्हणून दोन शब्द. आमच्याकडं ऑगस्ट २०१९ ला आलं आणि जुलै २०२१ ला परत आलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्या पोराबाळांना पाढ्यासारखं पाठ आहे.

लोकांना वाटतं पूर दारातून येतो. आमच्याकडं आधी संडासातून आला. रस्ता कोरडा होता आणि कमोडमधून गटार उलटं वर यायला लागलं. म्हणून बाहेरच्या चेंबरच्या आधी पाइपवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. पाणी बाहेर जाऊ देतो, आत येताना झडप मिटते. दर मेमध्ये उघडून साफ करावा लागतो, नाहीतर झडपेत कचरा अडकून ती अर्धी उघडीच राहते.

बेसिनखाली प्लायवूडचं कपाट करू नका. आमचं पाण्यातनं निघालं तेव्हा वहीसारखी पानं सुटली होती. आता कडाप्प्याच्या फळ्या आहेत. धुतल्या, झालं. आणि सगळे प्लग पॉइंट कमरेच्या वर.

---

सोनटक्का | १६ मार्च, सकाळी ११:१०

दुधाळी_काठ, हे कुठं लिहिलेलं वाचलं नव्हतं. पुण्यात नदीकाठी भाऊ राहतो, त्याला पाठवते.

---

पेठकर | ६ एप्रिल, रात्री ११:३०

काम सुरू होऊन आठ दिवस झाले.

गल्लीत छोटा हत्ती टेंपोसुद्धा वळत नाही. वाळू, विटा, सिमेंट सगळं तोंडाशी उतरवून पाटीनं आत. राडारोडा तसाच बाहेर. दिवसाला दोन बिगारी नुसते वाहायलाच. अंदाजपत्रकात हा खर्च कुणीच धरत नाही, तुम्ही धरा.

फरशी उकरली तर न्हाणीच्या बाजूला कुदळ एकदम खाली गेली. गवंडी म्हणाला, "दादा, हात घालू नका." घुशीचं बीळ. तोंडाशी फुटभर रुंद, जोत्याच्या दगडांमधनं न्हाणीखाली गेलेलं. आत आमचा हरवलेला साबणाचा डबा, तीन चमचे आणि मखराचा लाल कपडा. मोरीचा जुना चिनीमातीचा पाइप सांध्यात फुटलेला होता, त्याचं पाणी किती वर्षं त्या बिळात मुरत होतं कुणास ठाऊक. दोन दिवस बीळ मोकळं ठेवलं, रात्री कुणी येतंय का बघितलं. मग काचेचे तुकडे आणि दगड ठासून काँक्रीट भरलं.

दुसरं, कोठीच्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत भेग निघाली. मी घाबरून आईला बोलावलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "ही व्हय? ही कोयनेची." ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाची. आजोबांनी तेव्हाच चुन्यानं भरली होती. आई लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी नव्या सुनेला घर दाखवताना देवघरानंतर ती भेग दाखवली होती म्हणे. भेग वाढलेली नाही, चुना अजून सलग आहे. रेषा_मारू, तरीही काही करू का?

---

रेषा_मारू | ७ एप्रिल, सकाळी ७:००

इतकी वर्षं चुना तुटला नाही म्हणजे भिंत तिथंच थांबलीय. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवा, तारीख लिहा. हलली तर काच तडकेल. न तडकल्यास आजोबांना नमस्कार करा.

तो चिनीमातीचा पाइप पूर्ण काढा, अर्धा नको. नवीन ११० मिलिमीटरचा टाका. उतार दर आठ फुटाला दीड इंच. फार उतार दिला तरी वाईट, पाणी पळतं आणि मैला मागं राहतो. परसात जिथं वळण आहे तिथं चेंबर हवाच. तुंबल्यावर तिथूनच काठी घालता येते.

---

पेठकर | १९ एप्रिल, रात्री १०:१५

आज एक चूक निस्तरली. लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्याची होणार नाही.

कमोडचं भोक भिंतीपासून बारा इंचांवर ठेवायचं, तसं कमोडच्या खोक्यावरच छापलेलं होतं. प्लंबरनं बारा इंच मोजले, पण उघड्या विटेपासून. त्यावर गिलावा आला, टाइल आली, दीड इंच खाल्लं. राहिले साडेदहा. कमोड आणून ठेवला तर मागची टाकी भिंतीला आपटते आणि खालचं तोंड भोकावर बसत नाही. प्लंबर म्हणतो गवंड्यानं गिलावा जाड मारला. गवंडी म्हणतो प्लंबरला मोजता येत नाही. दोघंही माझ्या परसात, माझ्याच चहावर.

शेवटी दुकानदाराकडून नऊ इंचवाला कमोड बदलून आणला. तो बसला. टाकीमागं दीड इंचाची फट राहिली आहे, त्यात बाटली घासायचा ब्रश घालून साफ करतो. माप नेहमी तयार टाइलपासून धरा. काम चालू असताना त्या जागी खडूनं "इथपर्यंत टाइल" अशी रेघ मारून घ्या.

---

तांबडापांढरा | १९ एप्रिल, रात्री १०:३०

"दोघंही माझ्याच चहावर" हे प्रत्येक कोल्हापुरी घराच्या बांधकामाचं एका ओळीत वर्णन.

---

कोबा_मास्तर | १९ एप्रिल, रात्री १०:५०

पाणी भरून बघितलंस काय? टाइल घालायच्या आधी?

---

पेठकर | २० एप्रिल, सकाळी ८:२०

भरलं होतं, सांगायचं राहिलं. त्यातही गंमत झाली.

कोबा घोटून वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिल्यावर नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या भोकाचं, तोंड बंद केलं आणि तीन इंच पाणी भरलं. भिंतीवर पेन्सिलीनं रेघ. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या खाली. गवंडी म्हणाला, "उन्हाळा हाय दादा, उडालं." पटण्यासारखं होतं, एप्रिलचं ऊन. पण बायकोनं डोकं चालवलं. म्हणाली, त्याच खोलीत एक बादली भरून ठेवा, तिच्यावरही रेघ मारा. चोवीस तासांनी बादली एक सूत (इंचाचा आठवा भाग) उतरली होती आणि फरशी पाच सूत. मग गवंडी काही बोलला नाही.

शोधलं तर ट्रॅपच्या कॉलरभोवती. कोबा आणि प्लॅस्टिक यांचा सांधा केसभर सुटला होता. तिथलं कोरून परत भरलं, परत कोटिंग, परत पाणी. या वेळी तीन दिवस ठेवलं. बादली आणि फरशी बरोबरीनं उतरल्या.

---

कोबा_मास्तर | २० एप्रिल, सकाळी ८:४५

वहिनींना आमच्याकडं कामाला पाठव. बादलीचं मला बी सुचलं नसतं. दहातल्या आठ गळत्या तिथंच असत्यात, ट्रॅपच्या गळ्याला.

आता फरशीचा ढाळ. फुटाला सव्वा ते दीड सूत, सगळा ट्रॅपकडं. टाइल बसल्यावर गोटी सोडून बघ. पोराची गोटी घे, सगळ्या कोपऱ्यातनं सोड. जिथं थांबली तिथं पाणी थांबणार.

---

सोनटक्का | २० एप्रिल, दुपारी ३:००

ट्रॅप स्वस्तातला घेऊ नका. आत दोन इंच पाणी साठेल असा खोल हवा, तेच पाणी गटाराचा वास अडवतं. उथळ ट्रॅप चार दिवस गावाला गेलं की सुकतो आणि घर उघडलं की नाक धरायची वेळ.

कोठीत उजेड कसा करणार?

---

पेठकर | २० एप्रिल, रात्री ९:००

कोठीवर माडी नाही, थेट कौलं आहेत. त्यातली दोन कौलं काढून काचेची घातली. सकाळी नऊला उन्हाचा चौकोन बरोबर कमोडवर येतो आणि साडेदहाला बेसिनवर. परसाच्या बाजूनं झरोका पाडून एक्झॉस्ट फॅन लावलाय. नवी भिंत सात फुटांवर थांबवल्यामुळं वर हवा खेळते. टाइल घातलेल्या खोलीत कौलांचा वास येतो, तेवढं मात्र हॉटेलसारखं झालं नाही.

---

पेठकर | ११ मे, रात्री १०:००

काम संपलं. हिशेब मागणाऱ्यांसाठी: माझं सगळं मिळून दोन लाख बारा हजार गेले. त्यात टाइल्स आणि कमोड-बेसिनची भांडी पासष्ट हजार, वीज अठ्ठावीस, बाकी माल-मजुरी. राडारोड्याचेच अकरा हजार. माडीवरच्या हॉटेलपेक्षा थोडं कमी, आणि तुळया शाबूत. तुळयांना पेचकस लावून बघितला, मास्तर. सगळ्या लोखंडासारख्या. एक सोडून. परसाच्या बाजूच्या तुळईचं टोक नखभर मऊ लागलं. वर कौल फुटलेलं होतं, ते बदललं. पावसाळ्यानंतर परत बघणार.

आई परवापासून वापरायला लागली. पहिल्या दिवशी आत गेली ती अर्धा तास बाहेर येईना. आम्ही दारात. मी नाणं खिशातून काढलंच होतं. आतून आवाज आला, "आहे आहे, हातपाय धुवायलोय. तुमची बडबड ऐकू येतीया."

शॉवर एकदाही उघडलेला नाही. "त्या पावसात कोण उभारतंय?" दुसऱ्याच दिवशी माळ्यावरचं घंगाळ खाली काढायला लावलं. खाली रबरी चकत्या लावून ते आता नव्या टाइलवर आहे, शेजारी स्टूल. गिझरचं पाणी घंगाळात सोडायचं, तांब्यानं घ्यायचं. दांड्याला तिनं वाळायला टॉवेल टाकला होता, तो काढला की ओरडते. म्हणून टॉवेलसाठी वेगळी खुंटी मारली, विटेच्या भिंतीत. नीट बसली.

---

सोनटक्का | ११ मे, रात्री १०:२०

टॉवेल आमच्याकडंही. दांडा हा टॉवेलचाच असतो असं त्यांचं ठाम मत आहे. फोटो टाका ना काचेच्या कौलांचा.

---

दुधाळी_काठ | ११ मे, रात्री १०:३५

मस्त काम. आमचा व्हॉल्व्ह काल उघडून साफ केला. आत बेडूक होता, जिवंत.

---

तांबडापांढरा | ११ मे, रात्री १०:४०

कोठीतला तांब्याचा बंब आता कुठं ठेवलाय? विकणार असशील तर मला सांग. वजनावर न्हाई, चांगला भाव देतो.

---

पेठकर | १२ मे, सकाळी ८:०५

आईला विचारलं. आधी म्हणाली, "कोण ईचारतंय?" सांगितलं. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, लाइट गेली की तुझ्या घरी आंघोळीला येतो मी. चालंल काय?"

सोप्यातल्या पलंगाखाली ठेवलाय.